चार बोटं पाणी

"उद्या सकाळी सातपर्यंत या बादलीला कुणी हात लावायचा नाही. तू तर अजिबात नाही," मी मुंजाजीला बजावलं.

मुंजाजी खरात तेव्हा पन्नाशीला आलेले, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. तरी मी त्यांना अरे-तुरे करत होतो, कारण टेकाळे सर करत होते. तरणतलावाचा पंप चालवणारा माणूस, त्यात चोरीचा संशय असलेला. त्याला अहो-जाहो कशाला, असं मला तेव्हा वाटायचं.

ते काठावर उकिडवे बसून माझं काम बघत होते. मी बादली तलावाच्या दुसऱ्या पायरीवर ठेवली, वजनाला आत दोन विटा टाकल्या आणि बाहेरच्या पातळीइतकं तलावाचंच पाणी तिच्यात भरलं. एक खूण बादलीच्या आत केली, एक तलावाच्या फरशीवर. युक्ती साधी आहे. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच पितं. चोवीस तासांनी दोन्हीकडे पाणी सारखं उतरलं, तर ते उन्हानं गेलं. तलावाचं जास्त उतरलं, तर जमिनीखालचा पाइप कुठेतरी गळतोय.

"साहेब, एक सांगू का?" मुंजाजी म्हणाले. "पंप जवा..."

"जे सांगायचं ते टेकाळे सरांना सांग. पंपघराची चावी दे इकडं."

त्यांनी कमरेच्या करदोट्याला बांधलेली चावी सोडून दिली. मी पंप बंद केला, सगळे व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं आवळले आणि पंपघराला माझं कुलूप ठोकलं. आता कुणाला पाणी पळवायचंच असेल तर घागरीनं न्यावं लागलं असतं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

हे परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. दुष्काळाचं वर्ष होतं. एका शिक्षणसंस्थेचा हा तलाव, आणि पंधरा दिवसांवर शाळकरी मुलींच्या पोहण्याच्या स्पर्धा. संस्थेच्या बोअरला कसंबसं पाणी होतं आणि तलाव रोज चार बोटं उतरत होता. पंचवीस मीटर लांबीच्या तलावात चार बोटं म्हणजे दोन मोठे टँकर भरून वर उरेल इतकं पाणी. मी पुण्यातली नोकरी सोडून गळती शोधण्याचा स्वतःचा धंदा नुकताच सुरू केला होता, आणि हे माझं पहिलंच मोठं काम.

स्टेशनवरून आणतानाच टेकाळे सरांनी, म्हणजे संस्थेच्या सचिवांनी, सगळं माझ्या कानावर घातलं होतं. "गळतीबिळती काही नाही हो, बोकील. जमीन बघा, भाकरीसारखी कोरडी आहे. एवढं पाणी गळलं असतं तर चिखल नको व्हायला? मुंजाजीचा साडू टँकर चालवतो. आणखी काय पाहिजे? तुम्ही फक्त गळती नाही एवढं लेखी द्या, पुढचं मी बघतो."

तो अख्खा रविवार मी लिंबाखाली खुर्ची टाकून राखणदारासारखा बसलो. पोहणं बंद, पंप बंद. मुंजाजी दोनदा फाटकापर्यंत येऊन माझ्याकडे बघून परत गेले. माणसाच्या मनात चोर असला की तो असाच घुटमळतो, असं मी मनाशी म्हटलं.

सोमवारी सकाळी सात वाजता पट्टी लावली. बादलीतलं पाणी अर्धं बोट उतरलं होतं, आणि तलावाचंही अर्धंच.

दहा वाजता टेकाळे सरांच्या खोलीत मी सही केलेला कागद टेबलावर ठेवला. मुंजाजींना बोलावणं गेलं. ते दारातच चपला काढून उभे राहिले.

"पंपघराला कुलूप होतं, तर पाणी गेलं नाही," टेकाळे सर म्हणाले. "चावी तुझ्याकडं होती, तर रोज चार बोटं जात होतं. आता बोल."

"सर, तेवीस वर्षं झाली मला हितं. एक घागर कधी घरी नेली न्हाई."

"घागरीचं कोण म्हणतंय? टँकरचं बोल."

मुंजाजींनी माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, मी चोर हाय का?"

"मी फक्त पाण्याचं सांगितलंय," मी म्हणालो आणि कागदांची जुळवाजुळव करू लागलो. खरं तर जुळवण्यासारखे कागदच नव्हते, एकच कागद होता.

"उद्या पाचला विश्वस्तांची बैठक आहे," टेकाळे सर म्हणाले. "ठराव झाला की चौकीत तक्रार. तोपर्यंत आवारात पाय ठेवायचा नाही."

मुंजाजी गेले. जाताना चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरले, ते मला खिडकीतून दिसलं.

स्पर्धेआधी फिल्टरची वाळू बदलून देण्याचं कामही मी घेतलं होतं, म्हणून मी थांबलो. वाळू बदलली, व्हॉल्व्ह उघडले, दुपारी एकला पंप सुरू केला आणि संध्याकाळी सातला मीच बंद केला. मुली दुपारभर पोहल्या. मी पंपघरालगतच्या खोलीतच झोपलो, चावी माझ्या खिशात.

मंगळवारी सकाळी दात घासत सहज काठावर आलो आणि हात थांबला. फरशीवरची माझी खूण पाण्याच्या बरीच वर दिसत होती. पट्टी आणून मोजलं. परत मोजलं. दुसऱ्या टोकाला जाऊन तिसऱ्यांदा मोजलं. साडेतीन बोटं.

माझी पाचावर धारण बसली. मुंजाजी काल सकाळपासून आवारात नव्हते. पंप मी चालवला होता, कुलूप माझं होतं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काही गळत्या पंप चालू असतानाच वाहतात. पाइपात दाब असतो तोवर पाणी जातं, पंप थांबला की गळती थांबते. म्हणून बादलीची चाचणी दोनदा करायची असते, एकदा पंप बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून. हे मला पाठ होतं, दुसऱ्यांना शिकवलेलंही होतं. पण रविवारी मला गळती पकडायची नव्हतीच, चोर पकडायचा होता. चोरासाठी मी पंपघराला कुलूप लावलं आणि त्याच कुलपानं गळतीही बंद करून ठेवली.

मी तसाच टेकाळे सरांच्या घरी गेलो. ते चहा पीत होते.

"दुसरी चावी असेल त्याच्याकडं," त्यांनी ऐकून घेतल्यावर सांगितलं.

"सर, कुलूप माझं आहे. पुण्याहून आणलेलं."

"बोकील," त्यांनी बशी खाली ठेवली, "काल तुम्ही एक लिहून देता, आज दुसरंच सांगता. विश्वस्तांपुढं मी कोणतं वाचू? आणि हे बाहेर गेलं तर तुम्हाला पुन्हा कोण बोलावणार? मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"तो माणूस निर्दोष आहे, सर."

"मग भोक दाखवा. पाच वाजता बैठक आहे, त्याआधी मला डोळ्यांनी भोक दाखवा. नाही सापडलं, तर कालचा कागद खरा. गप गाडीत बसायचं."

तेव्हा साडेआठ झाले होते. मी पंप सुरू केला. तलावात पाणी सोडणाऱ्या तोंडांना एकेक करून बुचं मारली, दाब लावून पाहिला. काटा जिथल्या तिथं. भेगा असतील तिथं पाण्यात रंग सोडला, तो ओढला जातो का बघायला. तो हलला नाही. लोखंडी गज जमिनीला टेकवून दुसरं टोक कानाला लावत तलावाभोवती दोन फेऱ्या मारल्या. सगळीकडे मुकाट. बारा वाजता फरशीवर पाय ठेवता येईना इतकं ऊन झालं. एवढं पाणी रोज जातंय तर मुरतंय कुठं? गवताचं हिरवं पातं नाही कुठं. दोन वाजता मी हात टेकले. एकच माणूस उरला होता विचारायला, आणि त्याच्यासमोर जायला मला तोंड नव्हतं.

खरातांचं घर संस्थेच्या मागच्या गल्लीत, पत्र्याचं. मुंजाजी ओट्यावर बसले होते. मला बघून उठले नाहीत. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई दारात आल्या.

"आता काय राहिलं आणखी?" त्या म्हणाल्या. "बसा म्हनत न्हाई, पानी बी इचारत न्हाई. घरात घोटभर न्हाई. काल सांजच्याला बायांनी आमचे हंडे बारीतून काढून लांब ठेवले. तळ्याचं पानी इकून खाल्लं म्हनं, मग आता टँकरचं कशाला पाहिजे."

त्या गल्लीत रोज संध्याकाळी टँकर यायचा, घरामागं दोन हंडे. माणसांऐवजी हंडेच दुपारपासून बारीत उभे असायचे. गावात ही तऱ्हा आणि तिकडं तलाव काठोकाठ, हे लोकांना आधीच झोंबत होतं. चीड काढायला माणूस मिळत नव्हता, तो मी सही करून दिला होता.

मी ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलो. "मुंजाजी, काल पाणी गेलं. पंप मी चालवला, चावी माझ्याजवळ होती. तरी गेलं."

"जाणारच की." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पंप चालू असला की जातं, बंद असला की राहतं. दोन महिने झाले बघतोय."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "तोंड उघडलं तवा तुम्ही चावी मागितली."

मग ते आपणहूनच बोलू लागले, माझ्यासाठी नव्हे, त्या तलावासाठी असावं. "लेकरांचा हौद बघितला का तुम्ही? त्याच्यात पायपातनं वरून धार पडती. आधी हातभर लांब पडायची. आता भिताडाला चिकटून पडती."

मी कपाळावर हात मारून घेतला. लहान मुलांचा हौद उंचावर, त्याला तलावाचंच पाणी पंपानं वरच्या तोंडातून. त्याचा पाइप वेगळा. पंप थांबला आणि व्हॉल्व्ह आवळला की तो रिकामाच. म्हणजे चोवीस तास तपासत बसलं तरी तो कोरडाच सापडणार. तलाव गळतोय म्हणून मी तलावाभोवती फिरत राहिलो, आणि हौदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"त्याचा पाइप कुठून जातो? नकाशात कुंपणाच्या कडेनं सरळ दाखवलाय."

"सरळच जातो. पर मधी हीर हाय."

"विहीर?"

"तळं व्हायच्या आधी ते वावर होतं. चाळीस फूट हीर. दगडमाती टाकून बुजवली आन् वर फरशी केली. भराव बसला असंल खाली. पायपाला आधार काय राहिला मग?"

जमीन कोरडी का, ते मला आत्ता कळलं. पाणी चाळीस फूट खाली पडत होतं. मी घड्याळात पाहिलं. अडीच.

"चला माझ्याबरोबर. जागा दाखवा."

"मला पाय ठेवायला बंदी हाय."

"मी नेतोय. कुणी अडवलं तर मी बघतो."

मुंजाजी उठले, कोपऱ्यातली पहार घेतली. "येतो. पर माझी एक अट हाय."

"काय ती?"

"आधी भोक सापडू द्या."

फाटकावरचा पहारेकरी काही बोलण्याआधी मी त्याला टेकाळे सरांकडे पिटाळलं. पंप चालू होता. हौदापासून पंधरा पावलांवर मुंजाजींनी टाच आपटली. मी तिथं गज टेकवून कान लावला. आधी काहीच नाही. मग दीड हात सरकून पुन्हा. आणि ऐकू आलं. दारामागं उभं राहून कुणी 'श्श' करावं तसा बारीक, न थांबणारा आवाज.

"इथं," मी म्हणालो.

चार फरश्या उचकटायला अर्धा तास गेला. खाली सिमेंटचा थर, तो फोडायला आणखी तितकाच. पाळीपाळीनं पहार मारत होतो, घामानं हातातली पहार सटकत होती. चार वाजून दहा मिनिटं झाली तरी खाली नुसता सुका मुरूम. सव्वाचारला मी पंपाच्या दिशेनं बघून मनात म्हटलं, आपलं ऐकणं चुकलं. मुंजाजी मात्र थांबले नाहीत. त्यांनी एक घाव घातला आणि पहार हातातून सुटून सरळ जमिनीत गेली. गेली ती गेलीच. पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"मागं व्हा!" मी ओरडलो, पण तोवर त्यांच्या पायाखालचा मुरूम ढासळला. उजवा पाय मांडीपर्यंत खाली, मग कंबरेपर्यंत दोन्ही. मी पालथा पडून त्यांच्या दोन्ही बगलांत हात घातले. माझ्या छातीखालची फरशीही हलत होती.

"सोडा साहेब, तुम्ही बी याल."

"गप बसा. पाय कशाला तरी टेकवा."

"टेकवायला हायेच काय?"

तेवढ्यात त्यांचा पाय पाइपाला लागला. त्याच्या आधारानं त्यांनी अंग वर रेटलं आणि मी ओढलं. आम्ही दोघं हौदाच्या भिंतीपर्यंत सरपटत गेलो आणि कितीतरी वेळ नुसते धापा टाकत पडून राहिलो. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलंही नाही.

टेकाळे सर आले तेव्हा पावणेपाच झाले होते. मी त्यांना पोटावर झोपून बघायला लावलं. फरशीखाली बैलगाडी मावेल एवढी रुंद पोकळी, तळ दिसत नव्हता. मधून पाइप आडवा लोंबकळत होता, सांध्यापाशी दोन बोटं सरकलेला, आणि त्या फटीतून पाण्याचा पंखा काळोखात उडत होता. मी पहारेकऱ्याला पंप बंद करायला सांगितलं. पंखा मिटला आणि पाइप गप्प झाला. मग पुन्हा चालू करायला लावला.

टेकाळे सर उठून कपडे न झटकताच हौदाकडे बघत राहिले. "लेकरं पोहून आली की इथंच तर उभी राहतात," ते म्हणाले. मग मुंजाजींना म्हणाले, "उद्यापासून कामावर ये. झालं गेलं विसरून जा."

"कामाचं मागून बघू, सर." मुंजाजींनी पायाच्या खरचटलेल्या नडगीवर माती दाबली आणि माझ्याकडे वळले. "साहेब, भोक सापडलं. आता अट. चला."

मी त्यांच्या मागं गल्लीत गेलो. टँकरची वेळ झाली होती. तीसेक बाया, म्हातारेकोतारे आणि हंड्यांची लांबच लांब बारी. द्वारकाबाई एकट्याच भिंतीकडेला आपल्या दोन रिकाम्या हंड्यांजवळ उभ्या होत्या.

"हितं सांगा," मुंजाजी म्हणाले.

मी बारीसमोर जाऊन उभा राहिलो. "पाइप फुटला होता. पाणी जुन्या विहिरीत जात होतं. मुंजाजींचा यात काही दोष नाही."

मागून एक माणूस म्हणाला, "काल तर लिहून आलं होतं म्हनं की गळती न्हाई. कुणी लिहिलं होतं मग?"

मुंजाजी माझ्या कानाशी वाकले. "पायपाचं न्हाई, साहेब. तुमचं सांगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळून जावंसं वाटलं, खरंच वाटलं. एस.टी. स्टँड तिथून दिसत होता.

"मी लिहिलं होतं," मी म्हणालो. "तपासताना पंप मीच बंद करून ठेवला, म्हणून गळती दिसली नाही. मुंजाजी मला सांगायला आले होते. मी ऐकून घेतलं नाही, कारण हे चोर आहेत असं मी आधीच ठरवलं होतं. यांनी काही केलेलं नाही. चूक माझी आहे." आणि मी हात जोडले.

लांबून टँकरचा हॉर्न आला तरी बारी हलली नाही. मग सगळ्यांत पुढं बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू चुकलास, सांगून मोकळा झालास," ती म्हणाली. तिचा आवाज रागानं कापत होता. "ह्येंचे हंडे काल म्या काढले बारीतून, ह्या हातानं. सांजच्याला ह्येंची सून तांब्याभर मागाय आली तर म्या तोंडावर दार लावलं. तुझ्या कागदापायी. आता म्या काय सांगू ह्या द्वारकाला? सांग की, शिकलेला हायेस ना तू?"

मी मान खाली घातली. सतरा वर्षं झाली त्याला. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

द्वारकाबाईंनी भिंतीकडेचे दोन्ही हंडे उचलले आणि बारीच्या कडेनं चालत पुढं आल्या. म्हातारीच्या हंड्यांमागं येऊन थांबल्या.

"काही सांगू नका, आत्या," त्या म्हणाल्या. "जरा सरका तेवढं."

आणि म्हातारी डोळ्यांना पदर लावून सरकली.